वाघ, बिबट्या आणि चित्ता : नाम व नोंद

आचोळ्याच्या पूर्वेस तुंगारेश्वराचे डोंगर आहेत. २००३ साली अभयारण्य घोषित झालेल्या या अरण्यात बिबट्याचा वावर आहे. या भागात कोणी ‘वाघ दिसला’ म्हटले, तर बहुधा बिबट्या अभिप्रेत असतो. हे अज्ञान नव्हे. वारली समाजाच्या ‘वाघोबा’ या संज्ञेत वाघ व बिबट्या या दोहोंचा अंतर्भाव होतो. येथे ‘वाघ’ हे व्यापक वर्गाचे नाम होय.

‘चित्ता’ या नामाची गती निराळी. संस्कृत ‘चित्रक’, म्हणजे ठिपक्यांचा, हे त्याचे मूळ. १९५२ साली हा प्राणी भारतातून नामशेष झाल्याचे घोषित झाले. प्राणी गेला, नाव उरले. बोलण्यात ते पुष्कळदा बिबट्यास लावले जाते. २०२२ साली नामिबियातून आठ चित्ते कुनो येथे आणले गेले, तेव्हा त्या नामास आपला वाच्यार्थ पुन्हा लाभला.

म्हणून क्षेत्रीय पाहणीत साक्षीदारास केवळ नाव न विचारता खुणा विचाराव्यात : अंगावर पट्टे की ठिपके? ठिपके भरीव की वलयाकार? डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ होती काय? नाव जसेच्या तसे टिपावे, पण प्राणी खुणांवरून ठरवावा. अन्यथा संरक्षणाची योजना भलत्याच प्राण्यासाठी आखली जाईल.