म्हातारपण की आजार?

'साठी बुद्धी नाठी' असे आपण सहज म्हणून जातो. घरातले म्हातारे माणूस गप्प बसू लागले, जेवेनासे झाले, की आपण म्हणतो, 'वय झालं, चालायचंच.' पण दर वेळी ते वय नसते. पुष्कळदा तो आजार असतो.

आमच्या गल्लीत एक आबाजी एकटे राहतात. मुलगा कामाला पुण्यास. आबाजी रोज सकाळी पारावर येत. बायको वारली आणि येणे बंद झाले. दोन-दोन दिवस चूल पेटेना. आम्ही म्हटले, दुःख आहे, आपोआप जाईल. एके दिवशी ते म्हणाले, "गुरुजी, आता मले जगून काय करायचं हाये?" तेव्हा कुठे आम्ही जागे झालो. दोन महिने आम्ही नुसते पाहत राहिलो, ही आमची चूक.

आम्ही आशाताईंना बोलावले. २०१५ साली सरकारने आपल्या यवतमाळ जिल्ह्यात प्रेरणा प्रकल्प सुरू केला. त्यात आशाताई घरोघर जाऊन खचलेल्या शेतकऱ्यांची विचारपूस करू लागल्या. मनाचाही दवाखाना असतो, हे तेव्हापासून पुष्कळांना कळले. यवतमाळच्या सरकारी मेडिकल कॉलेजात मनाच्या आजाराचे डॉक्टर असतात. आबाजींना तिथे नेले. औषधाचा गुण यायला काही आठवडे लागले. तोवर औषध सोडू दिले नाही.

मंडळी, तीन गोष्टी ओळखायला शिका.

पहिली, उदासी. दोन आठवडे झाले तरी झोप नाही, भूक नाही, कशात मन नाही. म्हातारी माणसे 'मन उदास आहे' असे सांगत नाहीत. 'अंग दुखते' म्हणतात.

दुसरी, विसर. चष्मा कुठे ठेवला, हे कोणीही विसरते. पण घरची वाट चुकणे, नातवाला न ओळखणे, हा आजार आहे. तो पुरता बरा होत नाही, पण नीट सांभाळ करता येतो. रागावू नका.

तिसरी, एकाएकी बरळणे. काल चांगले होते, आज भलतेच बोलतात. ताप, लघवीचा आजार किंवा उन्हाने अंगातले पाणी कमी होणे, अशा कारणांनी असे होते. त्याच दिवशी दवाखान्यात न्या. मांत्रिकाकडे वेळ घालवू नका.

जवळ बसा. 'जीव नकोसा वाटतो काय?' असे सरळ विचारा. विचारल्याने तसा विचार मनात शिरत नाही. उलट मन मोकळे होते. उत्तर 'हो' आले तर त्यांना एकटे सोडू नका. फवारणीचे औषध कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याजवळ द्या. १४४१६ या नंबरावर फोन करा. हा सरकारी फोन फुकट आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येते.

आबाजी आता पुन्हा पारावर येतात. तुमच्या गल्लीत कोणाचे दार दोन दिवस बंद आहे काय? आजच जाऊन कडी वाजवा.