लाकडी दस्त्यातली पक्की बैठक

५० मीटर रायफलच्या टार्गेटवर दहा गुणांचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटर रुंद असतं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी याच अंतरावर, थ्री पोझिशन प्रकारात, ऑलिंपिक कांस्यपदक जिंकलं. एवढ्या बारीक कामात नुसता हात स्थिर असून भागत नाही, दस्त्यात रायफलीच्या पोलादी यंत्रणेची (ॲक्शनची) बैठकही पक्की लागते.

लाकडी दस्ता हवामानाप्रमाणे बदलतो. नांदेडच्या मे महिन्यात तो सुकतो, पावसाळ्यात फुगतो. शिवाय यंत्रणा दस्त्याला जोडणारे स्क्रू आवळले की लाकूड दबतं. मग यंत्रणा आज एक तर उद्या दुसरी जागा धरते आणि नेम सरकतो. त्यावर उपाय म्हणजे स्क्रूच्या भोकांत ॲल्युमिनियमच्या जाड नळ्या बसवायच्या. आवळण्याचा दाब लाकडाऐवजी त्या सोसतात. यंत्रणा आणि दस्ता यांमधल्या फटीत इपॉक्सी भरतात. ते कडक झालं की यंत्रणेचा हुबेहूब साचाच तयार होतो. मात्र पोलादाला आधी मेणाचा हात द्यायचा राहिला, तर दस्ता आणि यंत्रणा यांचं लग्न कायमचं! बॅरल मात्र मोकळीच ठेवतात. तिच्याखालून कागद सरकला पाहिजे.

स्पर्धेतल्या आजच्या बऱ्याच रायफलींचा दस्ताच ॲल्युमिनियमचा असतो, त्यामुळे ही खटपट मुख्यतः लाकडी दस्त्यांसाठी. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार बंदूकदुरुस्तीच्या व्यवसायाला परवाना लागतो, म्हणून हे काम परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावं.