पाय दुखतात, पण कधी आणि कुठे?

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर एखाद्या पोराचे पाय महिनोन्महिने दुखत असले की उत्तरं ठरलेली: नस चढली, कॅल्शियम कमी झालं, नाहीतर शाळा बुडवायची नाटकं.

गैरसमज: वाढत्या वयात पाय दुखायचेच.
वाढीचं दुखणं असतं, पण त्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. साधारण 3 ते 12 वर्षांचं मूल, दोन्ही पोटऱ्या किंवा मांड्या, ठणका संध्याकाळी वा रात्री. चोळून दिलं की आराम, आणि सकाळी पोर अंगणात हुंदडतंय. एकच पाय दुखणं, सांध्याला सूज, सकाळी पाय आखडणं, लंगडणं, ताप, वजन घटणं यातलं काहीही दिसलं तर थांबू नये. संधिवात, हाडातला जंतुसंसर्ग, क्वचित रक्ताचा कर्करोगही असा सुरू होतो.

गैरसमज: सिकलसेल हा विदर्भाचा आजार.
रक्ताचा हा आनुवंशिक आजार ठाण्याच्या आदिवासी समाजांतही आहे. तान्ह्या मुलाचे हातपाय फुगणं ही बऱ्याचदा पहिली खूण. पुढे ताप, अंगातलं पाणी कमी होणं किंवा आवणीच्या दिवसांत भिजून गारठणं एवढ्यानेही हाडं ठणकू लागतात. केंद्राची सिकलसेल निर्मूलन मोहीम 1 जुलै 2023 ला सुरू झाली. मात्र तपासणीतली नुसती सोल्युबिलिटी चाचणी वाहक कोण आणि रुग्ण कोण हे सांगत नाही. त्यासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस लागतं. वाहकाला सहसा त्रास होत नाही, म्हणून त्याच्या पायदुखीचं कारण दुसरीकडे शोधावं लागतं. रुग्णाला हायड्रॉक्सीयुरियाने वेदनेचे झटके कमी होतात.

गैरसमज: ‘एएसओ’ वाढला, आता दर 21 दिवसांनी इंजेक्शन.
हा गैरसमज पाड्यावरचा नाही, चिठ्ठी लिहिणाऱ्यांचा. स्ट्रेप्टोकोकस जंतू मध्यंतरी येऊन गेले, एवढंच रक्तातला एएसओ सांगतो. निरोगी मुलातही तो वाढलेला सापडतो. इंजेक्शन असतं संधिवाताच्या तापासाठी, आणि त्याचं निदान जोन्स निकषांवर होतं: सुजलेले, एकातून दुसऱ्यात सरकणारे सांधे, हृदयावरचा परिणाम वगैरे. तो ताप खरंच असेल तर पेनिसिलीनचं हे इंजेक्शन एकदाही चुकवू नये.

गैरसमज: रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे पोर खोटं बोलतंय.
दुखापत भरून आल्यावरही मज्जासंस्था वेदनेचे इशारे देत राहू शकते. ती वेदना खरीच असते. मूल खाटेवर पडून राहिलं तर उलट वाढते. रोज थोडं थोडं चालणं-खेळणं, वेळेवर झोप आणि शाळेत परतणं, हाच यावरचा मुख्य उपचार. गोळ्यांचा उपयोग बेताचाच.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. तेव्हा आईने ‘पाय दुखतात’ एवढ्यावर थांबू नये. दुखतं कुठे, कोणत्या वेळी, आणि सकाळी उठल्यावर पोर चालतं कसं, हेही सांगावं.