मेटाटार्सल स्ट्रेस फ्रॅक्चरनंतर पुन्हा लांब पल्ल्याचे धावणे

पावलाच्या मधल्या भागात पाच लांब हाडे असतात, ती मेटाटार्सल. धावण्याचे अंतर एकाएकी वाढवले, की बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या हाडाला बारीक चीर जाते. प्रशियाचे लष्करी वैद्य ब्राइटहाउप्ट यांनी १८५५ मध्ये सैनिकांच्या पायांत हा त्रास नोंदवला होता. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत चीर अनेकदा दिसतच नाही, एमआरआयमध्ये दिसते.

हाड भरून यायला साधारण ६ ते ८ आठवडे लागतात. या काळात धावणे बंद ठेवतात. डॉक्टरांनी परवानगी दिली, की पोहणे आणि सायकलिंग करून दमसास टिकवता येतो. पाचव्या मेटाटार्सलच्या बुडाची चीर मात्र हट्टी असते. तिला जास्त वेळ आणि कधी शस्त्रक्रियाही लागते.

परतीचा क्रम असा :

१. दाबल्यावर हाड दुखत नाही आणि अर्धा तास भरभर चालता येते, तेव्हाच सुरुवात.
२. एक मिनिट धावणे, दोन मिनिटे चालणे. तेही एक दिवसाआड, सपाट रस्त्यावर.
३. धावण्याचा वाटा हळूहळू वाढवणे. आधी अंतर, मग वेग, चढ-उतार सर्वांत शेवटी.
४. पोटरीचे आणि पावलाचे व्यायाम, पुरेसे कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व.

स्नायूंचा ठणका एक-दोन दिवसांत ओसरतो. हाडाच्या एकाच जागी बोट ठेवता येईल अशी वेदना परतली, तर धावणे त्याच दिवशी थांबवावे आणि डॉक्टरांना दाखवावे.