दिव्याची वात आणि घोडदळाची छावणी

नेतृत्वावर बोलायचं तर मला आधी शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीला गेलेलं पत्र आठवतं. राज्याभिषेकाच्या (१६७४) आसपासचं. पावसाळ्यासाठी घोडदळ तिथे उतरलेलं, आणि पत्र जुमलेदार, हवालदार, कारकुनांना.

त्यात लढाईचे डावपेच नाहीत. दाणा-वैरण जपून वापरा, आत्ताच उधळलीत तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील. मग शिपाई कुणब्यांच्या दारात जाऊन धान्य, लाकूडफाटा, भाजी उचलतील आणि रयतेला तुम्ही मोगलांपेक्षा वाईट वाटाल. पैसे दिलेत ना, मग बाजारातून विकत घ्या!

आणि किती बारकाईनं बघावं? रात्री दिवा विझवा, नाहीतर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी जळतील. पुढचं तर मला सर्वांत मोलाचं वाटतं: आग लागल्यावर कुणाला कितीही कडक शिक्षा केली तरी वैरण परत येत नाही.

कारखाना असो, शाळा असो, सोसायटी असो, माणसं सांभाळणाऱ्या प्रत्येकाला हे लागू आहे. मूळ पत्र छोटंसंच आहे. आवर्जून पूर्ण वाचा.