पावसाचे गटार

विद्यापीठाच्या आवारात जमिनीखाली पाण्याच्या दोन वाटा असतात, निदान नकाशावर तरी. एक मैलापाण्याची, ती शुद्धीकरण केंद्राकडे जाते. दुसरी पावसाच्या पाण्याची. ती सरळ नाल्यात आणि नाल्यातून नदीत. ह्या दुसऱ्या वाटेवर पाणी कोणी गाळत नाही, तपासत नाही. जाळीतून जे आत गेले ते नदीला गेले.

औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, नागसेनवनाजवळून खाम नदी वाहते. १९५० साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ह्याच परिसरात महाविद्यालय काढले. ही खाम पुढे जायकवाडीच्या जलाशयाला मिळते आणि शहर त्याच जलाशयाचे पाणी पिते. महाडला १९२७ साली आपण पाणी घेण्याचा हक्क बजावला. आपल्या आवारातून पाणी काय घेऊन बाहेर पडते, हा प्रश्नही आता आपलाच आहे.

उन्हाळाभर वाहनतळावर ठिबकलेले ऑइल, टायरच्या भुकटीतले जस्त, बांधकामाचे सिमेंट, कँटीनचे तेलकट पाणी, हे सारे पहिल्या मोठ्या सरीत एकदम उतरते. (५ जूनला समारंभाने लावलेल्या झाडांच्या खड्ड्यांची मातीसुद्धा.) मी रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून प्रयोगशाळेचे सांगतो. जुन्या इमारतीत नवे सिंक बसवताना प्लंबर जवळचा पाइप शोधतो, आणि तो बहुधा पावसाचा असतो. मग मोरचुदाचे द्रावण थेट नाल्यात जाते. तांबे माशांना अगदी थोड्या प्रमाणातही मारते.

आणि मे महिन्यात ही गटारे साफ होतात. कुजलेला पाला, प्लॅस्टिक, कोठून तरी जोडलेल्या संडासाचे पाणी, ह्यांतून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. थोडा असता सडक्या अंड्यासारखा वास येतो. फार झाला की नाकच बधिर होते आणि माणसाला धोका कळत नाही. आत कोणत्या वस्तीतला माणूस उतरवला जातो, हे ह्या वाचकांना सांगायला नको. २०१३ च्या कायद्याने सुरक्षासाधनांविना गटारात उतरवणे गुन्हा ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली मृत्यूची भरपाई ३० लाख केली. पण कायद्यातले गटार म्हणजे मानवी मैला वाहणारे. पावसाचे गटार कागदावर स्वच्छच असते! कंत्राटदाराला तेवढी फट पुरते.

म्हणून काम वरच्या टोकाला करावयाचे. पाला जाळीत लोटायचा नाही, उचलायचा. रंगाऱ्याचे ब्रश मैलागटाराच्या मोरीत धुवायचे. वापरलेली द्रावणे चिठ्ठी लावलेल्या बरणीत साठवायची. सफाईच्या निविदेत यंत्राची अट हवी. आणि विद्यार्थ्यांनी एका दुपारी सिंकमध्ये खाण्याचा रंग ओतून तो कोणत्या चेंबरात निघतो ते पाहावे. पावसाच्या चेंबरात निघाला, तर जागा, तारीख, वेळ लिहून दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी कुलसचिवांकडे अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.