शेंड्यावर मरणारे सुरवंट

अमेरिकेच्या ओक वृक्षांवर तुटून पडणारे सुरवंट तिथे आणले एका चित्रकाराने! एतिएन त्रूवेलो हा फ्रेंच गृहस्थ बोस्टनजवळच्या मेडफर्डला राहायचा. रेशमाच्या नादात १८६०च्या दशकाअखेर त्याने युरोपातून स्पंजी मॉथ हे पतंग आणले. काही निसटले, आणि वीसेक वर्षांत गावातली झाडं ओकीबोकी झाली. त्रूवेलो पुढे ग्रहताऱ्यांच्या देखण्या चित्रांमुळे नावाजला; चंद्रावरच्या एका विवराला त्याचं नाव आहे.

या सुरवंटांना लागणारा विषाणू मला सगळ्यात थक्क करतो. मोठे सुरवंट रात्री पानं खातात आणि दिवसा खाली उतरून दडून बसतात. लागण झालेला मात्र उतरतच नाही. विषाणूचं एकच जनुक त्याचं कात टाकण्याचं संप्रेरक निकामी करतं आणि त्याला वरच अडकवून ठेवतं. तिथे तो मरतो, अंगाचं पाणी पाणी होतं आणि खालच्या पानांवर विषाणूंचा सडा पडतो. ती पानं खाणाऱ्या पुढच्या सुरवंटाचीही मग तीच गत!

सूक्ष्मजीव दर वेळी झाडांच्याच बाजूने उभे राहतात असं नाही. २००२ मध्ये जॉर्जियातल्या सव्हानाजवळ आशियातला एक भुंगेरा सापडला. लांबी जेमतेम दोन मिलिमीटर, पण तोंडातल्या इवल्या पिशव्यांत बुरशीचं विरजण! खोडात बोगदे पाडून तो तिची शेती करतो. तिला अडवायला झाड स्वतःच्याच जलवाहिन्या बुजवतं आणि उभ्या उभ्या वाळतं. रेडबेची कोट्यवधी झाडं अशी गेली. आपली दालचिनी आणि तमालपत्र याच झाडाच्या कुळातली, म्हणून हे वाचताना जास्तच चुटपुट लागते.

पाइनची वैरीण सायरेक्स गांधीलमाशीही अंड्यांसोबत खोडात बुरशी टोचते. तिच्यावरचा उतारा म्हणजे एक सूत्रकृमी. नुसती बुरशी मिळाली तर तीच खाऊन तो पिढ्यान्‌पिढ्या वाढतो, पण माशीची अळी भेटली की रूप पालटून तिच्यात शिरतो. मोठी झालेली मादी मग वांझ अंडी घालते, त्यांत असतात फक्त सूत्रकृमी. म्हणजे स्वतःचा काळ ती स्वतःच नव्या झाडात पेरते!

ऑस्ट्रेलियात हे सूत्रकृमी प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं बुरशीवरच पोसले गेले आणि अळीत शिरणंच बव्हंशी विसरले. १९८७ ते १९८९ या काळात दक्षिण ऑस्ट्रेलिया आणि व्हिक्टोरियाच्या सीमेवर सुमारे ५० लाख पाइन वाळले. मग टास्मानियातल्या कामोनाच्या जंगलात शोध घेतला, तर तिथे पूर्वी सोडलेल्या सूत्रकृमींचे वंशज अजून माशीच्याच मागावर होते. तिथून नवं वाण उचललं गेलं.